पानांवाटे जाणारे पाणी : ओळखा आणि आवरा
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उन्हाळा आला की आपण विहिरीत डोकावून पाण्याचा हिशोब करतो. आज मी तुम्हाला झाडाच्या पानाकडे पाहून हिशोब करायला सांगणार आहे. झाड मुळांवाटे जेवढे पाणी घेते, त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवाटे वाफ होऊन निघून जाते. यालाच बाष्पोत्सर्जन म्हणतात.

पानावर, बहुतेक पिकांत खालच्या बाजूस जास्त, डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. ही पर्णरंध्रे उजेडात उघडतात व रात्री मिटतात. कर्बवायू आत घेण्यासाठी ती उघडावीच लागतात आणि त्याच दाराने पाणी बाहेर जाते. दार बंद झाले की अन्न तयार होणेही मंदावते व पान तापते. म्हणून हे पाणी पूर्ण थांबवायचे नाही, त्याचा अतिरेक आवरायचा आहे.

आता हा वेग कशाने वाढतो? धुतलेले लुगडे लवकर कधी वाळते, ते आठवा. ऊन, कोरडी हवा आणि वारा! पानाचेही तसेच आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम, म्हणजे तिप्पट. एप्रिल-मे महिन्यांत खानदेशातील तापलेली, कोरडी हवा केळीच्या रुंद पानांतून पाणी ओढून घेते, ते यामुळेच. कोकणात हवा दमट असल्याने ही ओढ कमी असते. पानालगत दमट हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो आणि ओढ आणखी वाढते.

दुपारी वांगी, भोपळ्याची पाने मलूल दिसली की आपण लगेच मोटार सुरू करतो. जरा थांबा. हवेची ओढ मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की जमिनीत ओल असूनही पाने माना टाकतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहा. पाने ताठ असतील तर पाण्याची घाई नाही. मुळाजवळची माती कोरडी आणि पहाटेही पाने मलूल, तर पाणी द्या. माती ओली आणि तरीही पाने मलूल, तर मुळे उकरून तपासा. अशा वेळी आणखी पाणी दिल्यास मुळांना हवा मिळत नाही व पीक हातचे जाते.

उपाय काय करावेत?

१) बाग लावतानाच वाऱ्याच्या बाजूस शेवरी किंवा गजराज गवताचे कुंपण लावावे.

२) तण वेळीच काढावे. तणालाही पाने असतात व तेही तुमचेच पाणी हवेत सोडते.

३) बुंध्याभोवती पाचट किंवा वाळलेल्या गवताचे आच्छादन करावे. यामुळे पानांतून जाणारे पाणी थांबत नाही. पण जमिनीतून उडणारे वाचते व मुळांना ओल मिळते.

४) रोपांची लागवड सायंकाळी करावी. नवीन रोपांना सावली करावी.

५) पाण्याची तीव्र टंचाई असल्यास ८ टक्के केओलीनची, म्हणजे १० लीटर पाण्यात ८०० ग्रॅम, फवारणी करावी. पांढऱ्या थरामुळे ऊन परावर्तित होऊन पान कमी तापते. ही फवारणी पाण्याला पर्याय नव्हे. झाड तगविण्याचा तो उपाय आहे.

शेवटी एक हिशोब. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एकरी सुमारे ४,००० लीटर. दिवसाला एवढे जरी वाचले, तरी दहा दिवसांत ४०,००० लीटर पाणी शिल्लक राहील. तेव्हा उद्या पहाटे मोटारीकडे जाण्यापूर्वी पिकात एक फेरी मारा, एवढीच माझी विनंती आहे.