दूरच्या संगणकाचा ताबा

पुण्यातील वृद्ध मातापित्यांचा संगणक परदेशस्थ मुलाने तेथूनच दुरुस्त करावा, यात आता नवल राहिलेले नाही. मात्र साधन निवडताना दोन कामे वेगळी मानावीत. केवळ छायाचित्रे वा कागदपत्रे पाठवायची असल्यास ‘सिंकथिंग’ पुरेसे आहे. ते मोफत असून, दोन्ही घरचे संगणक एकाच वेळी चालू असले की फायली मध्ये कोठेही न साठता पोचतात. त्यासाठी कोणाला ताबा देण्याचे कारणच नाही.

ताब्याची गोष्ट निराळी. ‘एनीडेस्क’ हे साधन वाईट नव्हे. तथापि त्याच्या आडून खाती रिकामी करणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. म्हणून कायमची अनुमती ठेवू नये. दरवेळी घरच्यांनीच ती द्यावी, आणि तीही आपण होऊन फोन केलेल्या माणसालाच. फसवणूक झाल्यास १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा.