डिचोलीचा बुधवार

उन्हाळ्यात एक दिवस फिरायचंय, पण खिशाला झळ नको? मग बुधवारी सकाळी पणजीहून डिचोलीची बस धरा. त्या दिवशी इथं आठवड्याचा बाजार भरतो. काजूचा हंगाम असेल तर बोंडू आणि त्यांचा गार रस, म्हणजे निरो, शोधा. बाटलीबंद पेयांचं नावही निघणार नाही. पाव आणि पातळ भाजी खाऊन ऊन चढण्याआधी जवळचं नार्वे गाव गाठा.

इथला सप्तकोटेश्वर हे कदंब राजांचं कुलदैवत. मूळ देऊळ पलीकडे दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं, आणि लिंग नदीपार डिचोली महालात आलं. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख आहे. दुपारभर देवळाच्या सावलीत बसा, दीपमाळ न्याहाळा.

डिचोली तालुक्यातलाच हरवळ्याचा धबधबा मात्र पावसाळ्यासाठी राखून ठेवा, मे महिन्यात तो अगदीच रोडावतो.

परतताना आलात त्याच वाटेनं जाऊ नका. नार्व्याहून फेरीबोटीनं दिवाडीला उतरा. पायी प्रवाशाला तिकीट नाही. बेट ओलांडून दुसऱ्या फेरीबोटीनं जुन्या गोव्याला पोचा. तिथून पणजीची बस मिळते.