आकाशाशी जुळणारे पंचांग

‘भारतीय सौर’ हे शब्द आकाशवाणीच्या श्रोत्यांच्या चांगले परिचयाचे आहेत. पण या दिनांकामागचे गणित कोलकात्यात होते, हे फारच थोड्यांना ठाऊक असेल.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या पठारावर इंका लोकांची कुस्को नावाची राजधानी होती. तिच्या भोवतालच्या टेकड्यांवर सूर्य पाहण्यासाठी स्तंभ उभारलेले होते, असे स्पॅनिश बखरकारांनी लिहून ठेवले आहे. सूर्य विशिष्ट स्तंभापाशी आला की पेरणीचा काळ आला, असे लोक समजत. तेथे पंचांग म्हणजे प्रत्यक्ष क्षितिजच होते.

आपल्याकडे गणित फार पुढे गेले. पण ते आकाशाशी ताडून पाहण्याची सवय मात्र सुटली. सूर्यसिद्धान्ताने मानलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. चोवीस मिनिटे ती काय! पण चौदाशे वर्षांत त्यांचे २३ दिवस होतात. म्हणूनच उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि आपण तिळगूळ वाटतो तो जानेवारीच्या मध्यास. ही चूक अशीच वाढू दिली, तर वसंतातले सण कालांतराने ग्रीष्मात येतील.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नव्हता. केरूनाना छत्रे यांनी १८६५ मध्ये शुद्ध गणिताचे पंचांग काढले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ग्रंथात भारतीय ज्योतिषाचा इतिहास मांडला. पुढे १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तीत पुण्याचे ज. स. करंदीकर व नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी हे सभासद होते. देशात तेव्हा सुमारे तीस पंचांगे चालू होती. सणांचे दिवस एकदम मागे नेले, तर लोक बिथरतील, हे समितीने ओळखले. म्हणून झालेली चूक तशीच ठेवून ती आणखी वाढू देऊ नये, असे तिने धार्मिक गणनेपुरते सुचविले. नागरी वर्ष मात्र तिने वसंतसंपाताशी जोडले.

हे वर्ष २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ म्हणून, सुरू झाले. डॉ. साहा ते पाहावयास उरले नव्हते. १९५६ च्या फेब्रुवारीतच त्यांचे निधन झाले होते. समितीचे कार्यवाह निर्मलचंद्र लाहिरी यांनी कोलकात्यात गणिताचे काम पुढे चालविले. ते कार्यालय १९७९ साली स्वतंत्र खगोल केंद्र झाले. तेथे सिद्ध होणारे राष्ट्रीय पंचांग मराठीतही निघते.

राजपत्रावर हा दिनांक आला, घरातल्या व्यवहारात मात्र तो अजून रुळलेला नाही. शासनाच्या आज्ञेने तो रुळणारही नाही. श्रोत्यांनी अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि डिसेंबरभर माध्यान्हीची तिची सावली मोजावी. ती सर्वांत लांब कोणत्या दिवशी पडते, हे पाहिले म्हणजे साहा आणि त्यांचे सहकारी कशासाठी झटले, ते कोणी निराळे सांगावयास नको.