गुलदार : किनाऱ्याला लागण्यासाठी बांधलेलं जहाज

नवीन ऐकणाऱ्यांसाठी ओळख सांगतो. मी दिवसा पुण्यात कोड लिहितो आणि रात्री हेडफोन लावून तुमच्याशी गप्पा मारतो. गाव मालवण तालुक्यातलं, त्यामुळे समुद्राचा विषय निघाला की मला आवरणं कठीण.

आजचा विषय आहे एक जहाज. नाव आयएनएस गुलदार. हिंदीत गुलदार म्हणजे आपला बिबट्या. निवती रॉकजवळच्या समुद्रात हे जहाज बुडवून पाण्याखालचं म्युझियम आणि कृत्रिम रीफ करायचा प्रकल्प तुम्ही रील्समध्ये पाहिलाच असेल. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले. रील्समध्ये मासे दिसतात, स्कूबा दिसतं, बॅकग्राउंडला जोरदार म्युझिक असतं. पण हे जहाज होतं काय, त्याने आयुष्यभर केलं काय, हे कोणी सांगत नाही. ते आज बघू. आणि ते कळलं की, बुडवण्याआधी कोणते प्रश्न विचारायला हवेत तेही कळेल.

सुरुवात डिझाइनपासून. कुठल्याही कॅप्टनला एकच भीती असते, जहाज वाळूत रुतण्याची. गुलदार मात्र मुद्दाम वाळूत नेण्यासाठीच बांधलं होतं. याला लँडिंग शिप म्हणतात. जेट्टी नाही, क्रेन नाही, नुसती पुळण आहे, आणि तिथे रणगाडे, गाड्या, सैनिक उतरवायचेत. मग काय करायचं? आपली होडी वाळूवर चढते ना, तसंच हे जहाजही चढवायचं. फरक एवढाच की हे जवळजवळ ८४ मीटर लांब आणि अकराशे टनांच्या वर.

त्यासाठी तळ सपाट ठेवला. पुढचा भाग उथळ पाण्यात चालेल असा, मागचा जास्त खोल, कारण पंखे आणि सुकाणू मागे असतात आणि ते वाळूपासून वाचले पाहिजेत. नाळेला उघडणारा दरवाजा आणि उतरायला रॅम्प. आता अशी जहाजं वाळूतून परत कशी निघतात? किनाऱ्याकडे येतानाच मागून नांगर टाकतात आणि त्याचा दोर सोडत पुढे जातात. काम झालं की तोच दोर गुंडाळून, इंजिन उलटं फिरवून स्वतःला मागे ओढून घेतात. आमच्या भाषेत सांगायचं तर पुढे जाण्याआधीच रोलबॅकची सोय करून ठेवलेली. मला या डिझाइनमधली हीच गोष्ट सगळ्यात आवडते.

पण सपाट तळाची किंमत मोजावी लागते. खोल समुद्रात लाटा उठल्या की असं जहाज जास्त डोलतं, आदळतं. त्यावर ड्युटी करणं म्हणजे पोटाची परीक्षाच.

आता सर्व्हिस रेकॉर्ड. चीता, गुलदार आणि कुंभीर ही तीन भावंडं. तिन्ही पोलंडमधल्या ग्दिनिया इथे बांधली आणि १९८४, १९८५, १९८६ अशी ओळीने नौदलात आली. पुढे अंदमान-निकोबार कमांडमध्ये त्यांनी काम केलं. बेटांच्या त्या प्रदेशात जेट्टीशिवाय माल उतरवणारं जहाज किती उपयोगी, हे वेगळं सांगायला नको. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात ही जहाजं होती. १९९० मध्ये भारत-श्रीलंकेदरम्यानच्या समुद्रात शस्त्रांची तस्करी रोखणाऱ्या ऑपरेशन ताशामध्ये होती. २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यातही होती. त्सुनामीत निकोबारच्या जेट्ट्या मोडल्या होत्या. अशा वेळी ज्याला जेट्टी लागतच नाही ते जहाज म्हणजे देवासारखं.

नौदलाने दिलेले आकडे ऐका. तिघांचे मिळून समुद्रात १२,३०० च्या वर दिवस. अंतर सुमारे १७ लाख सागरी मैल. आणि किनाऱ्याला लागणं १,३०० पेक्षा जास्त वेळा. म्हणजे तेराशे वेळा मुद्दाम रुतायचं आणि तेराशे वेळा परत निघायचं.

१२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरमध्ये सूर्यास्ताला तिन्ही जहाजांवरचे ध्वज शेवटचे उतरवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला नौदलाने गुलदार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं. तिथून ते विजयदुर्गला आणलं गेलं. जिथे मराठा आरमाराची गोदी होती, त्याच वाघोटण खाडीच्या तोंडाशी.

निवृत्त जहाजाला स्वतःची ताकद उरत नाही. ते जातं टगच्या दोरावर. टग म्हणजे ओढणारं जहाज. दिसायला बुटकं, पण अंगात रेड्याची ताकद. टगची लायकी वेगावरून ठरत नाही. धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून टगने पूर्ण जोर लावला की दोरावर किती टन ताण येतो, ते मोजतात.

टगचा विषय निघालाच आहे, तर एका टगचीच गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या नौदलात झुनी नावाचा एक फ्लीट टग होता, १९४३ सालचा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये जखमी जहाजं ओढून आणणं हे त्याचं काम. १९४६ मध्ये तो तिथल्या कोस्ट गार्डकडे गेला आणि त्याचं नाव टमरोआ झालं. १९९१ च्या भयंकर वादळात, ज्यावर पुढे 'द परफेक्ट स्टॉर्म' हे पुस्तक आणि सिनेमा आला, त्याने समुद्रात पडलेल्या हेलिकॉप्टरमधल्या चौघांना वाचवलं. १९९४ मध्ये निवृत्ती. आणि १० मे २०१७ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ त्याला रीफ म्हणून बुडवलं. आयुष्यभर इतरांना ओढणारा तो, आता माशांचं घर आहे. थोडक्यात, जहाजाचा रीफ करणं ही वेडगळ कल्पना नाही. नीट केलं तर जमतं.

आता 'नीट' या शब्दाकडे येऊ.

पहिली गोष्ट सफाई. १९८० च्या दशकातल्या जहाजांत इंधन आणि ग्रीस तर असतंच. शिवाय अॅस्बेस्टॉस, जुन्या केबलमधली घातक रसायनं, तळाला लावलेला विषारी रंग असू शकतो. शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणूनच तो रंग लावत, आणि रीफला नेमके तेच चिकटायला हवेत! हे सगळं पाण्याबाहेर असतानाच काढावं लागतं.

दुसरी गोष्ट कापाकापी. दरवाजे काढायचे, भिंतींना मोठी भोकं पाडायची. आत गेलेल्या डायव्हरला बाहेरचा उजेड दिसला पाहिजे, आणि बुडवताना पाणी सगळीकडे सारखं भरलं पाहिजे. नाहीतर काय होतं? २००२ मध्ये फ्लोरिडाजवळ स्पीगल ग्रोव्ह हे जहाज रीफसाठी बुडवत होते. गंमत म्हणजे तेही सैन्य उतरवणाऱ्या जातीचंच. ते ठरलेल्या वेळेआधीच उलटलं आणि शेवटी कुशीवर पडलं. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, एका चक्रीवादळाने ते सरळ केलं. आपण निवतीला वादळाच्या भरवशावर राहू शकत नाही.

तिसरी गोष्ट माणसं. तिथल्या पाण्यात जाळी टाकणाऱ्याला त्या जागेचे अचूक जीपीएस आकडे मिळाले पाहिजेत. जाळं एकदा लोखंडात अडकलं की हजारो रुपये पाण्यात. आणि तारकर्लीला स्कूबा शिकलेल्या पोरापोरींना तिथे कायमचं काम मिळणार, की बाहेरची कंपनी येऊन बोर्ड लावणार? जहाजाच्या देखभालीला दरवर्षी पैसे कोण देणार? उद्घाटनाला मंडप सगळेच घालतात, देखभालीचं बजेट विचारलं की शांतता.

मी या प्रकल्पाच्या विरोधात नाही. उलट मला तो व्हायला हवाय. भंगारात तुकडे होण्यापेक्षा हे मरण चांगलं, आणि आमच्या किनाऱ्याला मे महिन्यातल्या गर्दीपलीकडचं काहीतरी हवंच आहे. पण हे जहाज तेराशेतल्या आपल्या वाट्याच्या प्रत्येक खेपेला परत निघालं, कारण मागे नांगर टाकलेला होता. या वेळी तसा नांगर नाही. तळाला गेलेलं जहाज 'जरा राहिलंय' म्हणून वर आणता येत नाही. त्यामुळे जे काही तपासायचं, विचारायचं, ते आधीच.

तुमच्यापैकी वेंगुर्ला, निवती, भोगवे, मालवण भागातले जे कोणी ऐकत असतील त्यांना एकच विनंती. ग्रामसभेत हे प्रश्न विचारा : सफाईचा तपासणी अहवाल कुठे बघायला मिळेल, जागेचे आकडे मच्छीमारांना कधी मिळणार, आणि देखभाल कोण करणार? मोबाइलवर रेकॉर्ड करा, उत्तर मिळालं तर मलाही पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये ती उत्तरं वाचून दाखवतो. चला, येवा पुन्हा.