मुलींच्या हातीं कुंचला
(धर्मग्रामाच्या ज्युबिली-महोत्सवांत इंद्रलोक, भाईंदर येथें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर उभें राहून गतकाळाचे गोडवे गावे, देणगीदारांचे आभार मानावे व खालीं बसावें, असा शिरस्ता आहे. आभाराचें काम आमच्याहून योग्य व्यक्तींकडे सोंपविलेलें आहे, हें आम्ही आमचें भाग्य समजतों. आम्हांस दिलेला विषय आपल्या तरुण मंडळीनेंच सुचविला. कॉलेजांत शिकणारे आपले कांहीं मुलगे व मुली जवळपासच्या गरीब वस्तींतील शाळांत जाऊन तेथील मुलींना चित्रकला, गायन, मातीकाम व नाट्य शिकवूं इच्छितात. त्याविषयीं आम्हीं चार शब्द सांगावे, अशी त्यांची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून आम्ही उभे आहों. मात्र जें सांगूं तें सगळेंच त्यांना गोड वाटेल, असें नाहीं.

प्रथम एक जुनी हकीकत ऐकावी. भाईंदरहून चर्चगेटच्या गाडींत बसलें म्हणजे चर्नी रोड स्टेशनाला लागून गिरगांव येतें. सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं त्या बाजूस व कोटांत जें घडलें, तें आपल्या तरुणांच्या संकल्पाचें मूळ आहे, असें आम्हांस वाटतें. १८४८ सालीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ नांवाची सभा स्थापिली. देशी भाषांतून ज्ञान पसरविण्यासाठीं तिच्या मराठी व गुजराथी शाखाहि निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते. निबंध वाचावे, त्यांवर वाद करावा आणि घरीं जावें, असा अशा सभांचा क्रम असतो. एकदां स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला. परंतु त्या खेपेस गोष्ट टाळ्यांवर थांबली नाहीं. सभासदांनीं आपणच शिक्षक व्हावयाचें ठरविलें.

१८४९ च्या ऑक्टोबरांत शाळा सुरू झाल्या, तेव्हां पटावर ४४ पारशी व २४ हिंदु मुली होत्या. इमारत नव्हती; लोकांच्या घरांतील जागा मागून घेतलेल्या होत्या. पगारी मास्तर नव्हते. विद्यार्थीच सकाळीं, आपल्या स्वतःच्या कामापूर्वीं येऊन, फुकट शिकवीत. ह्या मंडळींत चोवीस वर्षांचे दादाभाई नौरोजी होते. दादाभाई १८९२ सालीं विलायतेच्या पार्लमेंटांत निवडून गेले, हें शाळेंतील पोराला ठाऊक असतें. पण तेच दादाभाई आपल्या सोबत्यांसह मुली मिळविण्यासाठीं दारोदार हिंडत, आणि कांहीं घरांतून जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी ऐकून परत येत, हें फारसें कोणी सांगत नाहीं. पुढें नाना शंकरशेट यांनीं गिरगांवांत आपल्या आवारांत मुलींच्या शाळेस जागा दिली; कामा घराण्यांतील व इतर पारशी दात्यांनीं पारशी शाळांच्या खर्चाचा भार उचलला. तेव्हां कोठें पगारी शिक्षक नेमतां आले व विद्यार्थी मोकळे झाले.

येथें आमच्या तरुण मित्रांनीं क्षणभर थांबावें. ते विद्यार्थी मोकळे झाले, तें परीक्षा जवळ आली म्हणून नव्हे. त्यांची जागा घेणारा आला म्हणून.

आम्ही हें दुसऱ्यास ऐकवीत आहों, पण बोट आमच्याकडेहि वळतें. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चौघेजण अशाच एका शाळेंत गेलों होतों. शाळेचें नांव सांगत नाहीं. दोष तिचा नव्हता. दहा शनिवार येऊं असें मुख्याध्यापिकाबाईंना कबूल केलें. पहिल्या दिवशीं आम्हीं छापील चित्रें नेलीं: फुलदाणी, मोर, डोंगराआडून उगवणारा सूर्य व पायथ्याशीं झोंपडी. रेषेबाहेर रंग जाऊं न देतां तीं भरावयाचीं होतीं. मुलींनीं तीं निमूटपणें भरलीं. एका मुलीनें मात्र कागद उलटा केला व मागच्या कोऱ्या बाजूस नळावरची रांग काढली. हंडे माणसांहून मोठे होते. रांगेंत शेवटीं एक लहान आकृति होती, तिला तोंड काढलेलें नव्हतें. आमच्यांतील एकानें तिला सांगितलें, “बाळ, दिलेलें चित्र पूर्ण कर.” तिनें कागद पुन्हां उलटा केला व मोराला निळा रंग दिला.

त्या वेळीं आम्हांस आपण कांहीं चुकीचें करीत आहों, असें वाटलेंहि नाहीं. चार शनिवार गेलों. पुढें एकाची परीक्षा, दुसऱ्याचें लग्नघर, तिसऱ्याचा ताप. सहा शनिवार बुडाले. शाळेंत निरोप देण्याची सभ्यताहि आम्हांकडून राहून गेली. पुढें महिन्यांनीं त्या रस्त्यानें जात असतां वर्गांतील दोन मुली भेटल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें कीं, आम्हीं त्यांची चित्रें नेलीं तीं परत मिळतील काय? तीं आमच्या घरीं कोठें तरी होतीं. शोधलीं, पण सांपडलीं नाहींत.

ही कबुली देण्याचें कारण असें कीं, ह्या उद्योगांतील दोन्ही चुका तींत आल्या आहेत. एक, अर्ध्यावर सोडणें. दुसरी, मुलीच्या हातांत रंग देऊन चित्र मात्र आपलें काढून घेणें.

दुसऱ्या चुकीविषयीं थोडें अधिक बोलूं. एल्फिन्स्टनचे विद्यार्थी मुंबईंत शाळा काढीत होते त्याच सुमारास, १८४८ पासून, पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले हे मुलींच्या शाळा चालवूं लागले होते. त्यांच्या शाळेंत शिकलेल्या मुक्ता नांवाच्या एका मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. हें पत्र अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८४२ सालीं अहमदनगरास सुरू केलेलें. कित्ता गिरविणाऱ्या मुलीकडून वळणदार अक्षराची अपेक्षा असते, फार तर एखाद्या बोधपर गोष्टीची. मुक्तेनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलें आणि धर्माच्या नांवानें त्यांस दूर लोटणाऱ्यांना जाब विचारला. तिच्या गुरूंनीं तिला “दिलेलें चित्र पूर्ण कर” असें सांगितलें असतें, तर तो निबंध आज आपणांस वाचावयास मिळाला नसता. आमच्या वर्गांतील त्या मुलीचा नळ आणि मुक्तेचा निबंध ह्यांची बरोबरी आम्ही करीत नाहीं. पण दोन्हीं ठिकाणीं मुलीला सांगावयाचें होतें, आणि एका ठिकाणीं ऐकणारा होता.

गरीब घरच्या मुलीला कला येत नाहीं, ती आपण जाऊन द्यावयाची, ही समजूतहि टाकून द्यावी. आपल्या उत्तरेस डहाणूकडे जावें. वारली लोकांच्या घरांत लग्नाच्या वेळीं भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत, तें काम सवाष्ण बायांचें. १९७० च्या पुढें भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांनीं त्या पाड्यांवर कागद व रंग नेले आणि ही कला भिंतीवरून कागदावर आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर नांवाजले. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच मिळाली. परंतु एक गोष्ट मनांत सलते. भिंत होती तोंवर कला बायांची होती; कागद व पैसा आला तेव्हां तो बहुधा पुरुषांच्या हातीं गेला. कागद कोणाच्या हातांत पडतो, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं.

आपल्या समाजांतलें उदाहरण हवें असेल तर आंजेला त्रिंदाद यांचें घ्यावें. १९०९ सालीं जन्मलेल्या ह्या बाईंनीं मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिक्षण घेतलें आणि पवित्र मरियेस व ख्रिस्तचरित्रास हिंदी वेषांत व हिंदी वळणानें रंगविलें. त्यांच्या गुणांविषयीं वाद नाहीं. पण त्यांचे वडील अंतोनियो झेवियर त्रिंदाद हे स्वतः नामांकित चित्रकार होते, हेंहि विसरूं नये. ज्या घरांत तैलरंगाचा वास आहे, त्या घरांतील मुलीला कुंचला मागावा लागत नाहीं.

आतां ज्या घरांत तो मागूनहि मिळत नाहीं, त्यांकडे पाहूं. भाईंदर हें मूळ मिठागरांचें गांव. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली, २००२ सालीं महानगरपालिका. इमारती वाढल्या, आणि त्यांबरोबर आपण इंद्रलोकवासी झालों. (नांव मोठें ऐटबाज आहे, पाण्याच्या टँकरची वाट पाहतांना तें विशेष आठवतें.) ह्या इमारतींच्या विटा ज्यांनीं वाहिल्या आणि आपल्या घरचीं धुणींभांडीं ज्या करतात, त्यांच्याच मुली त्या शाळांतून बसतात. शाळा सुटल्यावर पाणी, चूल व धाकटें भावंड हीं त्यांची वाट पाहात असतात. त्यांच्या दिवसांत स्वतःचा म्हणून तास असेल तर तो शाळेंतच. आणि तेथेंहि चित्रकलेचा तास गणितासाठीं जातो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत असें लिहिलें आहे कीं, सहावी ते आठवीच्या शाळेंत शंभरांहून अधिक मुलें असतील तर कलाशिक्षणासाठीं अंशकालीन निदेशक असावा. म्हणून आमच्या तरुणांनीं आपण दान करावयास जात आहों, असें समजूं नये. मुलीच्या हक्काची वस्तु तिला मिळेपर्यंत आपण जागा राखावयाची आहे, आणि निदेशक नेमावा म्हणून पालकांसह अर्जहि करावयाचा आहे. फुकट शिकविणारे आयते मिळाले म्हणून नेमणूकच राहून जावी, असें होऊं देऊं नये. ही भीति आम्हांस खरीखुरी वाटते.

१९६९ सालीं गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त राष्ट्रीय सेवा योजना निघाली. तींतील विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावयाचें असतें. आपल्यापैकीं कांहीं जण तींत आहेत. योजना चांगली आहे. पण तासांची वही भरली म्हणजे मुलीचें शिकणें संपलें, असा तिचा अर्थ नव्हे.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. छापील चित्रें नकोत. कोरा कागद न्यावा, भरपूर न्यावा, आणि चुकलेला कागद परत मागूं नये. शाडूची माती नेणारांनीं लक्षांत ठेवावें कीं, ओलीं कामें सुकावयास जागा लागते आणि दुपारच्या वर्गाला तेंच बांक हवें असतें. आधीं बाईंना विचारावें. गाणें शिकविणारांनीं आधीं गाणें ऐकावें. त्या मुलींच्या आया कोठकोठच्या गांवांहून आलेल्या आहेत. त्यांचीं जात्यावरचीं व लग्नाचीं गाणीं मुलींच्या कानांत असतात. आपल्याकडे उंबराच्या पाण्याला म्हणावयाचीं गाणीं किती तरुणांना येतात, हा प्रश्न येथें विचारीत नाहीं. पहिल्या रांगेंतील आजीबाई आमच्याकडे पाहून हंसत आहेत, तेवढें पुरे. पालक विचारतील, “ह्याला मार्क किती?” रागावूं नये, प्रश्न रास्त आहे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा आहेत. त्यांचे गुण दहावीच्या निकालांत उपयोगी पडत आलेले आहेत. ज्या मुलीला बसावयाचें असेल तिची तयारी करून द्यावी, पण सगळ्या वर्गाला त्या घाण्याला जुंपूं नये.

आणखी एक गोष्ट कडक शब्दांत सांगावयाची आहे. कोणत्याहि स्वयंसेवकानें मुलीबरोबर एकट्यानें थांबूं नये. वर्गांत नेहमीं दोघे असावे, त्यांत एक बाई असावी, दार उघडें असावें. मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा कायदा प्रत्येकानें वाचून जावें. मुलींचीं छायाचित्रें काढून आपल्या मित्रांस दाखविण्याचा मोह टाळावा. तसेंच त्या वर्गांत हिंदु, मुसलमान, बौद्ध अशा सर्व घरच्या मुली असतील. आपण तेथें कुंचला घेऊन जात आहों, दुसरें कांहीं घेऊन नव्हे. फादरांशीं बोलून हें ठरलें आहे.

मुलींचीं चित्रें मुलींचींच. प्रदर्शन करावयाचें झालें तर प्रत्येकीस विचारून करावें, तिचें नांव खालीं लिहावें कीं नाहीं हेंहि तिलाच ठरवूं द्यावें, आणि प्रदर्शन संपल्यावर चित्र तिच्या हातीं परत द्यावें. हा नियम आम्हींच घालून घेतला आहे. कां, तें आपण मघाशीं ऐकलें.

जून ते मार्च, महिन्याचे दुसरे व चौथे शनिवार सोडून, सकाळीं नऊ ते अकरा, अशी वेळ शाळेनें देऊं केली आहे. परीक्षेच्या दिवसांत ज्याला येतां येणार नाहीं त्यानें आपल्याऐवजीं कोण येईल तें आतांच ठरवून नांव द्यावें. एका नांवासमोर दुसरें नांव नसेल तर तें आम्ही धरणार नाहीं. दहा जोड्या झाल्या तर दोन वर्ग घेऊं, पांच झाल्या तर एकच. त्याहून कमी झाल्या तर मुख्याध्यापिकाबाईंना ह्या वर्षीं जमत नाहीं असें आम्ही स्वतः जाऊन सांगूं. वही देवळाच्या दाराजवळील टेबलावर ठेविली आहे. येत्या रविवारीं शेवटची मिस्सा झाल्यावर ती उचलूं.