आपलेही पान मांडा

सर्वांची पाने उरकली की उरलेसुरले आपल्या ताटात, ही आपली जुनी रीत. तरुणपणी ती निभावते. साठीनंतर अंगावर येते. हाडे ठिसूळ होतात, अन् नुसत्या चहा-बटरावर दिवस काढून त्यांना बळ येत नाही. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच दुधात सुमारे 120. तेव्हा नाचणीची भाकरी नि कुळथाचे पिठले खावे, तेही गरम असतानाच.

दुसरी गोष्ट सोबतीची. आपल्या भुशीचा पाऊस म्हाताऱ्या माणसाला घरात कोंडून ठेवतो, आणि एकटीला घास गोड लागत नाही. मुरबाड तालुक्यात फांगणे गावी 2016 च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा निघाली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. अक्षरओळख हा एक लाभ. चारचौघींत जाऊन बसणे हा दुसरा, तितकाच मोठा.

पावसाळ्यात आठवड्यातून एक दुपार आपणही अंगतपंगत करू. शेजारच्या आजींना हाताला धरून आणू. आणि घरी सर्वांबरोबर आपलेही पान मांडू. त्यात संकोच कसला?