गळ्यातील ग्रंथी व हृदयाची धडधड



हृदयाचे ठोके, घाम, आतड्यांची हालचाल ही कामे आपल्या इच्छेवाचून स्वायत्त मज्जासंस्था चालविते. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीचा रस वाढला की हृदय ॲड्रेनलिनला अधिक संवेदनशील होते. रक्तातील ॲड्रेनलिन न वाढताही छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो. गळ्याच्या सुजेबरोबर होणारी अशी धडधड डब्लिनचे डॉ. ग्रेव्हज यांनी १८३५ साली स्त्रीरुग्णांत नोंदविली. उलट रस घटला तर नाडी मंदावते, थंडी सोसवत नाही, मलावरोध जडतो. घरात मात्र पहिल्या विकाराच्या स्त्रीस आपण ‘भित्री’ म्हणतो, दुसरीस ‘आळशी’! लेकीसुनांस असा बोल लावण्यापूर्वी त्यांचे रक्त तपासून घ्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.